पंधरा दिवसांची मुदत, पंधरा वर्षांचा दावा

जमीन, घर आणि घरपट्टी यांच्या वादात सामान्य माणसाला कायद्याची मदत मिळते का, असे विचारले की चर्चा लगेच न्यायालयाकडे वळते. दावे किती तुंबले, न्यायाधीश किती कमी, वकिलाची फी परवडते का, तारखांवर तारखा का पडतात. हे प्रश्न खरेच आहेत. बंगळुरूच्या 'दक्ष' या संस्थेने २०१६ मध्ये केलेल्या पाहणीत दिवाणी न्यायालयात आलेल्या पक्षकारांपैकी जवळपास ६६ टक्क्यांचा वाद जमीन किंवा मालमत्तेचा होता. म्हणजे दिवाणी न्यायालय हे बव्हंशी मालमत्तेचेच न्यायालय आहे. तरीही न्यायालयापासून सुरू केलेला आढावा अर्ध्या वाटेवरून सुरू होतो, असे मला वाटते. महाराष्ट्रातला मालमत्तेचा वाद जन्मतो तो तलाठ्याच्या सज्जात किंवा महापालिकेच्या विभाग कार्यालयात, एका नोटिशीच्या पंधरा दिवसांत. निकाल लागल्यावर अंमलासाठी तो पुष्कळदा पुन्हा महसूल कचेरीतच परततो. न्यायालय हा मधला टप्पा. आपली कायदेशीर मदत, विकतची असो वा मोफत, जवळजवळ सगळी त्या मधल्या टप्प्यावर उभी आहे. दोन्ही टोकांना माणूस एकटा असतो, आणि बहुतेक नुकसान तिथेच होते.

सुरुवात फेरफारापासून करू. खरेदी, वारसा, वाटणी, बक्षीस, हक्कसोड, कोणत्याही मार्गाने जमिनीत हक्क आला की महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे त्याची नोंद गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत धरली जाते. नोंदीची प्रत चावडीवर लागते, हितसंबंधितांना नमुना ९ ची नोटीस निघते आणि हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात. हरकत आली तर नोंद तक्रारी ठरते आणि महसूल अधिकारी सुनावणी घेऊन निर्णय देतो. नाही आली तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि सातबाऱ्यावरचे नाव बदलते. पुढची गोष्ट मात्र पक्षकाराला सहसा कोणी समजावून सांगत नाही. सर्वोच्च न्यायालयाने अनेक निकालांत सांगितले आहे की फेरफाराने मालकी मिळत नाही आणि जातही नाही. ती नोंद महसूल वसुलीपुरती आहे. पण त्याच संहितेचे कलम १५७ सांगते की प्रमाणित झालेली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानायची. शिवाय पीककर्ज, पीकविमा, भूसंपादनाचा मोबदला आणि पुढची विक्री, सगळे सातबारा बघूनच चालते. त्यामुळे 'फेरफार म्हणजे मालकी नव्हे' हे वाक्य कायद्याने बरोबर असले, तरी ज्याचे नाव कमी झाले त्याला त्याचा उपयोग फार थोडा. आता सिद्ध करायचे ओझे त्याच्या डोक्यावर आले.

हे ओझे केवढे, ते पुढची पायरी मोजली की कळते. पंधरा दिवसांत हरकत घ्यायला साध्या कागदावरचा एक अर्ज आणि सोबत एखादा जुना उतारा पुरतो. ती संधी गेली की प्रांताकडे अपील, मुदत साठ दिवस. उशीर झाला तर आधी विलंब माफीचा अर्ज, त्यावर वेगळी सुनावणी. मग जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकारी, मग विभागीय आयुक्त, कधी थेट मंत्रालय. आणि एवढ्या पायऱ्या चढून हाती येणार तो नोंदीचा निर्णय, मालकीचा नव्हे. मालकीसाठी दिवाणी दावा निराळाच. दरम्यान जमीन विकली गेली तर नवा खरेदीदारही वादात ओढला जातो, तोही बिचारा सातबारा बघूनच आलेला असतो. एका पानाच्या हरकतीने जे वाचले असते, ते मिळवायला दोन वेगळ्या यंत्रणांत दोन वेगळ्या लढाया लढाव्या लागतात. वकील या गोष्टीत येतो तो दुसऱ्या किंवा तिसऱ्या पायरीवर, कागद हातचे गेल्यावर.

याचा सर्वात मोठा फटका मुलींना बसतो. कायदा त्यांच्या बाजूने पुष्कळ पुढे गेला आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्येच दुरुस्ती करून मुलींना सहदायकी दिली. केंद्राची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ ला लागू झाली. विनीता शर्मा खटल्यात ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की मुलीचा हक्क जन्माने येतो, २००५ मध्ये वडील हयात होते की नव्हते यावर तो अवलंबून नाही. तोंडी वाटणी झाली होती, एवढ्या म्हणण्यावर तिचा हिस्सा बुडवता येत नाही, हेही त्याच निकालात आहे. मालमत्तेच्या दाव्यात महिलांना कोर्ट फीची सवलत राज्याने १९९४ पासून दिली आहे. विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे महिलेला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अटही नाही. न्यायालयाच्या दारात उभ्या राहिलेल्या मुलीची बाजू इतकी भक्कम आहे. पण वारस नोंदीत तिचे नाव सुटले, किंवा दुःखाच्या दिवसांत भावाने पुढे केलेल्या हक्कसोडपत्रावर तिने सही केली, त्या दिवशी तिच्याजवळ कोण होते? नोंदणीकृत हक्कसोडपत्र रद्द करून घेणे सोपे नाही. फसवणूक किंवा दबाव सिद्ध करावा लागतो, तोही साधारणपणे तीन वर्षांच्या मुदतीत दावा लावून. त्या सहीआधी एखाद्या जाणत्या माणसाने तिला दहा मिनिटे समजावून दिले असते, तर नंतरच्या दहा वर्षांच्या दाव्याची गरजच उरली नसती. मोफत वकिलाचा हक्क सहीनंतर कामाला येतो, ही या व्यवस्थेची सर्वात दुखरी जागा आहे.

मग आज त्या पहिल्या टोकाला मदत करते कोण? तहसील कचेरीबाहेर बसणारा दस्तलेखक, मुद्रांक विक्रेता, निवृत्त तलाठी किंवा नायब तहसीलदार, गावातला एखादा कामे करून देणारा कार्यकर्ता. यांना हिणवणे मला योग्य वाटत नाही. अर्ज कुठल्या टेबलावर द्यायचा, पोच कशी घ्यायची, जुना फेरफार कोणत्या अभिलेख कक्षात सापडेल, हे ज्ञान त्यांच्याकडे खरोखर असते आणि ते अनेक तरुण वकिलांकडे नसते. अडचण अशी की त्यांची जबाबदारी कोणाकडेच नाही. सल्ला चुकला तर तक्रार कुठे करणार? आणि पुष्कळदा हाच माणूस दोन्ही बाजूंचे कागद तयार करत असतो.

यावर असा आक्षेप येतो की मोफत विधी सेवा आहेच की, लोकांनी तिथे जावे. राज्यघटनेत १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने अनुच्छेद ३९अ आला, १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आहे, अनुसूचित जाती-जमाती, महिला, मुले, दिव्यांग आणि महाराष्ट्रात वर्षाला तीन लाखांहून कमी उत्पन्न असलेली कुटुंबे त्याखाली पात्र आहेत, आणि १५१०० हा मदतीचा क्रमांकही आहे. हे सगळे खरे. पण हा आक्षेप माझ्या म्हणण्याला बळच देतो. या कायद्याची व्याख्या काळजीपूर्वक वाचावी. 'न्यायालय' या शब्दात महसुली न्यायालय आणि निमन्यायिक काम करणारे प्राधिकरणही येते. 'विधी सेवा' या शब्दात खटला चालवण्याबरोबर कोणत्याही कायदेशीर बाबीवर सल्ला देणेही येते. म्हणजे तक्रारी नोंदीच्या सुनावणीत मंडळ अधिकाऱ्यासमोर किंवा प्रांतासमोर मोफत वकील देणे कायद्यात आधीपासून बसते. नवा कायदा नको, नवे कलम नको. तरीही ही सेवा प्रामुख्याने न्यायालयाच्या आवारातूनच चालते. तालुका विधी सेवा समिती न्यायालयाच्या इमारतीत असते, पॅनेलवरचे वकील न्यायालयात काम करणारे असतात, आणि महसुली सुनावणीचा दिवस त्यांच्या वहीत क्वचितच असतो. दोष कायद्याचा नाही, जागा निवडण्याचा आहे.

मालमत्ता कराच्या वादात हाच नमुना आणखी ठळक दिसतो, कारण तिथे मुदत आखूड आहे आणि वाद बहुधा कायद्याचा नसून वस्तुस्थितीचा असतो. मुंबईत १ एप्रिल २०१० पासून भांडवली मूल्यावर कर लागतो. शीघ्र सिद्धगणकातला दर, क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, इमारतीचे वय आणि वापर यांचे गुणाकार करून मूल्य निघते. राज्यातल्या अनेक महापालिकांत अजून वार्षिक भाड्याच्या अंदाजावरून करयोग्य मूल्य काढतात, त्यातून दुरुस्तीसाठी दहा टक्के वजावट देतात. पद्धत कोणतीही असो, चूक होते ती साध्या जागी. चटईक्षेत्राऐवजी बांधीव क्षेत्र धरले, राहत्या घरातली एक खोली दुकान म्हणून लिहिली, इमारतीचे वय चुकले, नावातच गल्लत झाली. अशा चुकीसाठी घटनापीठ लागत नाही. विशेष नोटिशीत दिलेल्या मुदतीत विभाग कार्यालयात हरकत, सोबत मंजूर नकाशा आणि करारनामा, एवढे पुरते.

पण ती हरकत राहिली तर काय होते, हे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४०६ मध्ये पाहावे. अपील न्यायाधीशाकडे जाते, मात्र ते पंधरा दिवसांत केलेले असावे, त्याआधी आयुक्तांकडे रीतसर तक्रार केलेली असावी, आणि मागणी केलेली रक्कम भरलेली असावी. मुंबईसाठी १८८८ च्या कायद्याचे कलम २१७ जवळपास याच अटींवर लघुवाद न्यायालयात अपील देते. म्हणजे पहिल्या टप्प्यावर अर्ज केला नसेल तर दुसऱ्या टप्प्याचे दार उघडतच नाही. आणि थकबाकीवर महिन्याला दोन टक्के शास्ती चालूच राहते. वकिलाकडे माणूस जातो तो जप्तीची नोटीस दारावर लागल्यावर. तोवर अपिलाच्या तीनही अटी हातून गेलेल्या असतात, आणि मग वकील मागणीवर मुदत मागून देण्याखेरीज फारसे काही करू शकत नाही.

पुण्याचे उदाहरण घ्या. स्वतःच्या घरात राहणाऱ्याला तिथे १९७० पासून करात ४० टक्के सवलत होती. लेखापरीक्षणातल्या आक्षेपानंतर ती काढली गेली, नव्याने आकारणी झालेल्या घरांना मिळेनाशी झाली, आणि २०२३ मध्ये राज्य सरकारच्या निर्णयाने परत आली. मात्र ज्यांची सवलत गेली होती त्यांनी पीटी-३ हा अर्ज, स्वतः राहत असल्याच्या पुराव्यासह, भरणे आवश्यक होते. हक्क सर्वांना मिळाला, पण तो पदरात पडला अर्ज भरणाऱ्याच्या. ज्येष्ठ नागरिक, घर बांधून परगावी नोकरीला गेलेले, वडिलांच्या नावावरच बिल येणारे वारस, यांच्यासाठी तो अर्ज हाच खरा खटला होता. अशा वेळी मदत म्हणजे युक्तिवाद नव्हे, तर फॉर्म, पुरावा आणि पोच.

याच्या उलट टोकाला २०२२ चा निकाल आहे. मुंबईच्या भांडवली मूल्याच्या नियमांना मालमत्ताधारकांच्या संघटनेने आव्हान दिले. भूखंडावर पुढे किती बांधकाम होऊ शकेल हे धरून आजचा कर लावणारे नियम मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रद्द केले, आणि ७ नोव्हेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. जमीन आज जशी आहे तशीच तिची किंमत धरा, असा त्याचा सारांश. निकाल महत्त्वाचा आहे आणि योग्यही. पण उत्तम कायदेशीर बुद्धी कुठे खर्च होते, हेही त्यातून दिसते. नियमांना आव्हान द्यायला संघटना आणि ज्येष्ठ वकील उभे राहतात. एका खोलीचे क्षेत्रफळ चुकले त्याला कोणी मिळत नाही. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना २०२२ पासून करमाफी असल्यामुळे क्षेत्रफळाची चूक आता काही दहा-वीस फुटांची असली, तरी ती कर आणि माफी यांच्यामधली रेषा ओलांडू शकते.

इथे महापालिकांची बाजूही ऐकली पाहिजे. अपिलाआधी पैसे भरण्याची अट नसेल तर प्रत्येक जण अपील करील आणि दिवाबत्ती, पाणी, सफाई थांबेल, असे त्या म्हणतात. यात तथ्य आहे, आणि सर्वोच्च न्यायालयानेही अनंत मिल्स खटल्यात १९७५ मध्ये, याच कायद्याच्या गुजरातमधल्या रूपाबाबत, ही अट वैध ठरवली: अपिलाचा हक्क कायदा देतो, तर त्याला अटही कायदा घालू शकतो. मी अट काढून टाका असे म्हणत नाही. पण वैध असणे आणि शहाणपणाचे असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. मुंबईच्या त्याच भांडवली मूल्याच्या वादात उच्च न्यायालयाने मधली व्यवस्था म्हणून जुन्या दराचा कर आणि वाढीव फरकाची निम्मी रक्कम भरण्याची मुभा दिली होती. त्या व्यवस्थेवर वर्षानुवर्षे बिले भरली गेली आणि शहर चालत राहिले. वाद नसलेली रक्कम पूर्ण आणि वादग्रस्त रकमेचा ठरावीक भाग, अशी अट कायद्यातच घालणे अशक्य नाही. तुलनेसाठी स्थावर संपदा कायदा बघा. तिथेही अपिलाआधी पैसे भरावे लागतात, पण ते विकासकाला. घर घेणाऱ्याला देय असलेली रक्कम भरल्याशिवाय त्याचे अपील ऐकले जात नाही. तीच अट, पण तिथे ती सबळाच्या खांद्यावर आहे आणि करदात्याच्या बाबतीत दुबळ्याच्या.

स्थावर संपदा कायद्याचा विषय निघाला आहे तर थोडे थांबावे, कारण पहिल्या टोकाला मदत दिली तर काय साधते याचा नमुना तिथे आहे. १ मे २०१७ पासून या कायद्याखालचे राज्याचे प्राधिकरण, महारेरा, काम करू लागले. पाच हजार रुपये शुल्कात तक्रार, वकील असलाच पाहिजे असे नाही, सनदी लेखापाल किंवा कंपनी सचिवही बाजू मांडू शकतो. २०१८ मध्ये त्याने सलोखा मंच सुरू केला. एका खंडपीठावर ग्राहक संघटनेचा एक आणि विकासकांच्या संघटनेचा एक प्रतिनिधी. मुंबई ग्राहक पंचायतीचा यात मोठा वाटा. वकील नसलेले, पण विषय पक्का जाणणारे लोक तक्रार दाखल होण्याआधी दोन्ही बाजूंना टेबलाशी बसवतात, ही कल्पना मला या सगळ्या आढाव्यातली सर्वात चांगली वाटते. फेरफार आणि घरपट्टीच्या बाबतीत असे काही नाही. मानीव अभिहस्तांतरणाचेही तसेच. विकासकाने इमारतीखालची जमीन सोसायटीच्या नावे केली नाही तर जिल्हा उपनिबंधकाकडे जाण्याचा मार्ग २००८ च्या दुरुस्तीने खुला केला, पण कागद जमवताना अनेक सोसायट्या दमतात, आणि ते काम वकिलापेक्षा जुना दस्त शोधणाऱ्याचे अधिक असते.

पण महारेरासुद्धा दुसऱ्या टोकाला अडखळते. पैसे परत द्यायचा आदेश विकासकाने पाळला नाही तर कलम ४० प्रमाणे ती रक्कम जमीन महसुलाची थकबाकी म्हणून वसूल करायची, म्हणजे वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि तिथून तहसीलदाराकडे. विकासकाची मालमत्ता कुठली, तिच्यावर आधीचा बोजा कोणाचा, लिलाव कधी, हे सगळे महसूल कचेरीत. घर घेणाऱ्याकडे तोवर वकीलही उरलेला नसतो, कारण वकिलाचे काम आदेशाबरोबर संपले. दिवाणी न्यायालयातल्या वाटपाच्या दाव्यातही हेच घडते. शेतसारा भरणाऱ्या जमिनीचे वाटप प्रत्यक्ष करून द्यायचे असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे हुकूमनामा जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, मग मोजणी, मग तुकडे पाडणे, मग ताबा. दावा जिंकलेल्या माणसाला पुन्हा त्याच कचेरीत चकरा माराव्या लागतात जिथून त्याचा वाद सुरू झाला होता. गोव्यात वारसाच्या बाबतीत निराळी वाट आहे. २०१२ च्या कायद्याखालच्या इन्व्हेंटरी कारवाईत सर्व वारसांना न्यायालय आधीच बोलावते, मालमत्तेची यादी होते, हिस्से ठरतात. तिथेही वर्षे जातात. पण कोणाचे नाव सुटले तर ते सुरुवातीलाच कळते, आणि हा फरक थोडा नाही.

सलोखा योजना या दृष्टीने लक्ष देण्यासारखी आहे. एकाची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि दुसऱ्याची पहिल्याच्या, अशी गुंतागुंत गावोगाव आहे. एकत्रीकरण योजनेत गट पडले, कागदावर अदलाबदल झाली, वहिवाट जुनीच राहिली. ३ जानेवारी २०२३ च्या शासन निर्णयाने, किमान बारा वर्षांचा असा ताबा असेल तर अदलाबदलीच्या दस्ताला एक हजार रुपये मुद्रांक शुल्क आणि एक हजार रुपये नोंदणी फी एवढ्यातच नोंदणीची सोय केली. पिढ्यान्‌पिढ्यांचे वैर दोन हजारांत मिटण्याची वाट कायद्यात आली. मात्र ती दोघांच्या संमतीने उघडते. संमती घडवून आणायला मध्ये कोणीतरी विश्वासाचा लागतो, आणि ते काम योजनेने कोणावर सोपवलेले नाही. पंचनामा करणारा तलाठी, ज्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, तो मध्यस्थ नव्हे.

दोन आक्षेप उरतात. पहिला असा की सज्जापर्यंत कायद्याची मदत नेली तर भांडणे वाढतील. ज्याला हरकत घ्यायचे माहीत नव्हते तोही घेईल. काही हरकती वाढतील, हे मान्य. पण न घेतलेली हरकत नाहीशी होत नाही, ती दहा वर्षांनी दावा होऊन येते, आणि तेव्हा तिच्याबरोबर मनाई हुकूम, नवा खरेदीदार आणि मृत पक्षकारांचे वारस येतात. शिवाय चांगला सल्ला पुष्कळदा हरकत न घेण्याचाही असतो. दुसरा आक्षेप संगणकाचा. सातबारा ऑनलाइन मिळतो, खरेदीखत नोंदताच फेरफाराची सूचना तहसीलला जाते, 'आपली चावडी'वर हरकतीच्या मुदतीतल्या नोंदी घरबसल्या दिसतात. ही मोठी सुधारणा आहे, तिचे मोल मी कमी लेखत नाही. मुंबईत किंवा दुबईत बसलेल्या सहहिस्सेदाराला गावची नोंद दिसू लागली, हे पूर्वी शक्यच नव्हते. पण दिसणे आणि कळणे यात अंतर आहे. 'एकत्र कुटुंब मॅनेजर म्हणून नोंद' या पाच शब्दांचा अर्थ आपल्या हिश्शावर काय होतो, हे पडदा सांगत नाही.

म्हणून मागणी अगदी लहान ठेवता येते. प्रत्येक तहसील कचेरीत आठवड्यातून एक दिवस, तक्रारी नोंदींच्या सुनावणीच्याच दिवशी, विधी सेवा समितीचा एक वकील आणि एक प्रशिक्षित विधी स्वयंसेवक बसावा. विशेष नोटिसा निघतात त्या महिन्यांत महापालिकेच्या विभाग कार्यालयातही तसेच व्हावे. वसुली वॉरंट आणि वाटपाचा हुकूमनामा यांची पुढची कारवाई मोफत मदतीत धरली जावी, वकीलपत्र निकालाबरोबर संपू नये. आणि नमुना ९ ची नोटीस असो वा घरपट्टीची, तिच्या डोक्यावर हरकतीची शेवटची तारीख प्रत्यक्ष तारीख म्हणून छापावी, 'नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत' अशी नव्हे. तिच्या खाली, त्याच मोठ्या अक्षरात, १५१००.